धोंड्याच्या वाणातले गोटी-पाने

जावयाला धोंड्याच्या महिन्यात वाण म्हणून द्यायचा पाना-सेट मी परात घेतात तसा घेतला. वाजवून, चमक बघून आणि नग मोजून. एवढ्यावर थांबले असते तर एखादं बोट फुटून भागलं असतं. पण मी त्यातल्या प्रत्येक पान्यावर नावही घालून घेतलं, भांड्यांवर घालतात तसं, छिन्नीनं ठोकून.

हे मी तरुण असतानाचं आहे, म्हणजे साठीला नुकतीच टेकले होते. तेव्हाची ती बाई आठवली की तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. अक्कल नव्हती तिला, पण दात सगळे होते. आता नात विचारते, आजी, तुझे पुढचे दात कुठे गेले? मी सांगते, तुझ्या बापाच्या वाणात गेले. ती तिच्या बापाकडे रागानं बघते आणि मला फार बरं वाटतं.

माझी लेक लहानपणापासून वस्तू खोलणारी. आम्ही अकोल्याचे. शेतात ट्रॅक्टर आला तेव्हा घरातली सगळी त्याला हळदकुंकू लावत होती आणि ही त्याच्या पोटाखाली आडवी होऊन बघत होती. लग्न होऊन अमरावतीला गेली आणि तिथे रुखवतातली भांडी तशीच कपाटात ठेवली. नवऱ्याची मोटारसायकल मात्र पहिल्याच महिन्यात अंगणात उघडून बसली. जावई सरकारी कचेरीत कारकून. स्वभावानं गरीब. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे त्यांना आजही विचारून करावं लागतं.

तर त्या वर्षी एसटीत बायकांची ड्रायव्हर म्हणून भरती निघाली. पोरीनं अर्ज भरला, गाडी चालवून दाखवली, पास झाली. राहिलं होतं फक्त मेडिकल, आणि त्यात दोन्ही डोळे स्वच्छ लागत होते. तिचे डोळे कसे होते म्हणाल तर आमच्या गच्चीवरून ती रस्त्यावरच्या बसची पाटी वाचायची. मला बस दिसायची, पाटी नाही. त्यामुळे मेडिकलची काळजी कोणालाच नव्हती.

त्याच उन्हाळ्यात अधिक महिना आला, अधिक ज्येष्ठ. जावयाला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे वाढायचे, वाण द्यायचं. पोरीचा फोन आला.

"आई, ह्यायच्या वाणात सोनंचांदी काई नको. पान्याचा सेट दे. तसाबी मीच वापरणार हाव. पण चांगला दे बरं. गोट्या आतून सहा कोनाच्या पाहून घेजो. नग कमी असले तरी चालते."

गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी लोखंडी डबी. तिच्या पाठीत दांडा अडकवायचा आणि फिरवायचं. हे सगळं पोरीनं फोनवर समजावून सांगितलं, आणि मी त्यातलं 'सेट दे' एवढंच ऐकलं. बाकी मला काय कळत नव्हतं? चाळीस वर्षं भांडी घेतली होती मी.

आधी एका हत्यारांच्या दुकानात गेले. त्यानं एक काळपट, मळकट रंगाचा सेट पुढे ठेवला, मोजके पाने, मोजक्या गोट्या. मी म्हटलं, "यापेक्षा आमच्या चुलीची फुंकणी चमकते." तिथून उठले आणि एका हॉलमध्ये सेल लागला होता तिथे गेले. तिथला पोरगा माईकवर ओरडत होता. लाल मखमलीच्या खाचांत चांदीसारख्या गोट्या ओळीनं बसवलेल्या, शंभरावर नग. मी एक गोटी दुसऱ्या गोटीवर आपटली. ठण्ण आवाज आला. माठ घेताना मी असाच आवाज ऐकते. घेतला.

नवरा सोबत होता. तो म्हणाला, "पाने घेऊन राहिली का सोन्याचा हार?"

"जवायाले देऊन राहिली. तुमच्यासारखं गंजेल देऊ का?"

मग भांडी गल्लीत नाव घालणाऱ्याकडे. तो म्हणाला, "काकू, पान्यावर कोणी नाव घालत नाई." मी म्हटलं, म्हणूनच घाला. त्यानं दांड्यांवर पूर्ण नाव घातलं, गोट्यांवर जागा नव्हती म्हणून नुसतं पहिलं अक्षर. छिन्नी ठेवायची आणि हातोडी मारायची, ठिपक्याशेजारी ठिपका. प्रत्येक गोटीच्या पोटावर तो असा टोचत होता आणि मी शेजारी उभी राहून म्हणत होते, "अजून खोल घ्या, पुसलं नाई पायजे."

धोंड्याच्या दिवशी ऊन असं होतं की अंगणातल्या नळाला हात लावला तर कातडी चिकटावी. पोरगी-जावई सकाळच्या बसनं अमरावतीहून आले. जावयाला पाटावर बसवलं, पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं, पान्यांचा डब्बा हातात दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि आता याचं काय करायचं अशा नजरेनं पोरीकडे पाहिलं. पहिला धोंडा ताटात पडला, त्यावर तूप पडलं, आणि कूलर किंचाळला.

खरंच किंचाळला. आतला पंखा कुणीतरी गळा दाबल्यासारखा घरघरला आणि थांबला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी इतकं खारं की कूलरच्या जाळीवर पांढरे थर चढतात, आणि आतले नट मिठात मुरवल्यासारखे एकजीव होतात. तरी दर उन्हाळ्यात आम्ही तेच पाणी कूलरमध्ये ओततो, आणि दर उन्हाळ्यात नट सुटेना म्हणून त्याला मारत सुटतो. आमच्याकडे कूलर दुरुस्त करणं म्हणजे त्याला मारणंच. नवी मोटर घरात आणून ठेवलेली होती. जुनी काढायची एवढंच, म्हणजे चार नट.

पोरगी ताटावरून उठली. जावयाच्या मांडीवरचा डब्बा घेतला आणि कूलरपुढे बसून उघडला.

"आई, हे काय खोदून ठेवलं व?"

"तुह्या नवऱ्याचं नाव हाय."

"पाना हाय का वाटी हाय हे?" तिनं एक गोटी उचलून आत पाहिलं. "अन् बारा कोनाच्या हायेत. म्या सहा सांगतलं होतं ना!"

"सहापेक्षा बारा जास्त असते, एवढं मलेबी समजते."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. बारा कोन असले की प्रत्येक कोन नटाला नखाएवढाच धरतो आणि जोर लावला की घसरून नटाचे कोपरे खातो, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मी ऐकत नव्हते. जावयाच्या कानामागून घाम वाहत होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत धोंड्यावर टपकणार होता. त्यापुढे मला काही दिसत नव्हतं.

पहिला नट फिरवला. गोटी घसरली, नट गोल झाला, पोरीच्या बोटांची साल कूलरच्या पत्र्यावर राहिली. ती म्हणाली, "याच्यावर रॉकेल टाकू अन् संध्याकाळपर्यंत मुरू देऊ. आज पंख्याखाली जेवा."

"जवाई काय घामात जेवतीन? पहिल्या धोंड्याले?"

मी खलबत्त्यातला बत्ता आणला. दुसऱ्या नटावर गोटी बसत नव्हती, मिठाचा थर आड येत होता. पोरगी "नको, नको" म्हणतेय आणि मी बत्ता गोटीच्या डोक्यावर घातला. एक घातला, अजून एक घातला. बसली गोटी. मग कोपऱ्यातला नळाचा पाइप आणला आणि पान्याच्या दांड्यावर चढवून दांडा हातभर लांब केला. माझा बाप बैलगाडीच्या चाकाला असंच करायचा. पोरीनं हात मागे घेतला.

"मी नाई ओढत. हे तुटन."

"सर तिकडं. तुह्या आजीनं..."

वाक्य पुरं झालं नाही. पोरगी नट हलतो की नाही ते पाहायला खाली वाकली होती, तिचं तोंड गोटीपासून वीतभर अंतरावर, आणि मी भिंतीला पाय लावून सगळ्या अंगानिशी पाइप ओढला.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. पाइप एकदम हलका झाला आणि पान्याचा दांडा माझ्या तोंडावर बसला. तोंडात लोखंड, मीठ आणि काहीतरी खडे आले. ते खडे माझे दात आहेत हे कळायला मला वेळ लागला, कारण त्याआधी मी पोरीकडे पाहिलं. ती गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात एका डोळ्यावर, आणि बोटांमधून रक्त मनगटावर उतरत होतं. ती ओरडत नव्हती. मीच ओरडत होते, पण तोंडातून शब्दांऐवजी रक्त येत होतं, आणि ते जावयाच्या ताटात पडत होतं.

जावई पाटावर तसेच बसलेले. हातात घास.

मी त्यांना थोबाडीत मारली. तासापूर्वी ज्यांचे पाय धुतले होते, कुंकू लावलं होतं, त्या जावयाच्या गालावर माझी रक्ताची पाचही बोटं उमटली. "रिक्षा आणा!" हे मी म्हणाले असावे. त्यांना समजलं असावं, कारण ते अनवाणीच रस्त्यावर पळाले.

आम्ही निघताना मागे पाहिलं तर नवऱ्यानं सब्बल, म्हणजे पहार, उचलली होती. हा माणूस आयुष्यात माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नाही. तो कूलरला मारत होता. पत्रा फाटला, पाण्याची टाकी फुटली, पंख्याची पाती वाकली, खारं पाणी दारापर्यंत आलं, तरी मारत होता. शेजारी गोळा झाले पण कोणी आत येईना. रात्री त्यानं मला सांगितलं, "सगळा चुरा केला म्या, पण ते चार नट सुटले नाई."

डोळ्याच्या डॉक्टरनं पोरीच्या बुबुळातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला. चकाकत होता. ती गोटी उभी चिरली होती, आणि चीर बरोबर त्या अक्षरातून गेली होती, जिथे ठिपक्याशेजारी ठिपका मी स्वतः उभी राहून खोल घ्यायला लावला होता. डॉक्टर म्हणाला, जखम बुबुळाच्या काठाशी आहे, भरेल. पण भरताना वण पडतो, आणि वण कुठपर्यंत पसरतो ते आत्ता सांगता येत नाही. काठाशीच राहिला तर नशीब. मधोमध आला तर या डोळ्यानं धूर बघितल्यासारखं दिसेल.

"मेडिकल हाय तिचं," मी म्हटलं. तोंडात बोळे होते, त्याला समजलं नाही. पोरीनं समजावून सांगितलं. त्यानं पेन उचललं आणि औषधं लिहायला घेतली. 

दुसऱ्या दिवशी घरी आणलं. जावयानं ओसरीवरचा तो मखमलीचा डब्बा उचलला, अंगणात गेले आणि एकेक गोटी काढून कंपाउंडच्या भिंतीवर मारायला लागले. त्यांचा हात मी पहिल्यांदाच कामाला लागलेला पाहत होते. एक फुटली. दुसरीचा टवका उडाला. तिसरी भिंतीवर आपटून दोन तुकड्यांत खाली पडली, बत्ताशासारखी. लोखंड असं फुटतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी डब्बाच भिरकावला.

"मामी," ते म्हणाले, "आता आमच्या घरात पाना दिसला तर मी तरी घरात राहीन नाई तर पाना तरी."

गाल अजून सुजलेला होता त्यांचा. मी वाकून एक फुटकी गोटी उचलली.

मीही गेले होते सेलच्या हॉलवर, सुजलेलं तोंड आणि फुटकी गोटी घेऊन, त्या माईकवाल्याचा गळा धरायला. सेल उठला होता. तिथे लग्न लागत होतं. मी दारात रक्ताळलेला रुमाल तोंडाला लावून उभी, तर कोणीतरी मला नवरीकडची समजून हातावर अक्षता ठेवल्या. टाकल्या मी अक्षता. दुसरं काय करणार होते?

मग पोरीसोबत अमरावतीला गेले, डोळ्यात औषध घालायला कोणीतरी हवं म्हणून. त्या दिवसांबद्दल बोलायला मला आजही आवडत नाही. एका डोळ्यावर पट्टी असली की माणसाला अंतर कळत नाही. ती दारावर आपटायची. चहा कपाऐवजी ओट्यावर ओतायची आणि मग तो कपच भिंतीवर फोडायची. एकदा मी औषध घालायला जवळ गेले तर तिनं माझा हात असा झटकला की बाटली फुटली.

"तूच ओढला! मी नको म्हणत होती, नको म्हणत होती, तरी ओढला!"

"हो."

"हो काय म्हणते? भांड ना! नेहमी त भांडते!"

मी भांडले नाही. ती माझ्या खांद्यावर मुठी मारत राहिली. चांगल्या जोरानं मारत होती, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग वळवणारे हात. आठवडाभर खांदा काळानिळा होता. मारून झाल्यावर म्हणाली, "मले मोठी गाडी चालवायची होती आई. लाल गाडी. अकोट, मूर्तिजापूर, कुठंबी."

'होती' म्हणाली. 'आहे' नाही. मला दात गेल्याचं तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं, पण या 'होती'नं मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

बाहेर आले आणि विचारलं, "चांगला सेट कसा ओळखते व?"

तिनं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी चेष्टा करते. मग तिला राग आला, आणि रागारागात ती बोलायला लागली. शिव्या द्यायच्या आवाजात. गोटी सहा कोनाची. भिंत जाड, पण एकसारखी, एका बाजूला पातळ नको. मुलामा कडेला नखानं खरवडून पाहा, पापुद्रा निघाला तर तो एक दिवस बोटात नाही तर डोळ्यात जाणार. नटावर बसवून हलवायची, डुगडुगली की टाकून द्यायची. नग मोजायचे नाहीत, मापं बघायची. घरात लागतात ती मापं असली की बस. आणि तुटली तर सुटी गोटी मिळते का ते विचारायचं. "अन् बत्त्यानं मारायचं नाई!" ती ओरडली. शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

अकोल्याहून निघताना कूलरच्या चुऱ्यातला एक तुकडा मी पिशवीत घातला होता, लोखंडी अँगलच्या पट्टीला लागलेले ते नट-बोल्ट तसेच. का घातला ते मलाही सांगता आलं नसतं. आता सांगता आलं. जावई कचेरीत गेल्यावर पिशवी घेऊन मी हत्यारांच्या बाजारात गेले.

दुकानदार गुबगुबीत, हसरा. "या मावशी, काय देऊ?" म्हणत त्यानं काचेतून एक मोठा चमकणारा डब्बा काढला.

"ठेव तो. त्याचं तोंड ओळखते मी."

"मंग?"

मी कूलरचा तुकडा टेबलावर आपटला. मिठाचे पापुद्रे त्याच्या चहात पडले. "हे शिकंज्यात आवळ. जी गोटी हे सोडवन ते मी घेईन. न फुटता."

तो माझ्या तोंडातल्या खिंडाराकडे बघत राहिला. "मावशी, पाने घेऊन राहिल्या का बदला घेऊन राहिल्या?"

"दोन्ही. आवळ लवकर."

त्यानं आवळलं. पहिली गोटी मी नटावर बसवून हलवली, डुगडुगली, परत दिली. दुसरीच्या कडेला नख लावलं तर मुलामा सुटला, तो मी त्याच्या तळहातावर ठेवला, "हे डोळ्यात गेलं का?" असं विचारून. तो म्हणाला नाही. मी म्हटलं जाईल. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती आपला माल विसरून आमच्याकडे बघत होती. तिसरा सेट त्यानं खालच्या फळीवरून काढला. मळकट रंगाचा, थोडे नग, प्रत्येक गोटीवर माप आणि धातूचं नाव कारखान्यातच नीट छापलेलं. आत सहा कोन. भिंत सगळीकडून सारखी. नटावर ठेवली तर 'टप्प' करून बसली, हलेना. दात्यांचा तो कर्रकर्र करणारा दांडा कानाशी धरून फिरवला. बारीक, दाट आवाज. पोरगी म्हणाली होती, आवाज दाट असेल तर अडचणीच्या जागेतही थोडासा हात हलवून भागतं.

नटावर मी आधी त्याच्याकडचं गंज सोडवायचं तेल मारून घेतलं. चहा संपेपर्यंत थांबलो. त्याचा पहिला वाया गेलाच होता, दुसरा मागवला. मग मी दांड्याला हात घातला. त्यानं दोन पावलं मागे घेतली.

"पाइप लावू नका हो मावशी!"

"नाई लावत रे बाप्पा. शिकली मी."

नट किंचाळला, कूलर त्या दिवशी किंचाळला होता तसाच. पांढरी पूड उडाली, मी डोळे मिटले आणि अंग चोरून उभी राहिले. काही फुटलं नाही. नट फिरत होता. मी तो शेवटपर्यंत काढला, दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि टाचेनं चिरडायचा प्रयत्न केला. नट तो, चिरडणार कसला? टाच दुखली. पण मला ते करायचंच होतं.

"सुट्या गोट्या ठेवतो मी," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "कधीबी या."

संध्याकाळी जावई आले. मी सेट पलंगाखाली लपवू शकले असते. पण मी तो त्यांच्या पायाशी ठेवला, त्यांच्या घरात, त्यांच्या समोर.

"काय हाय हे?"

"पाने हायेत. फेका."

"मामी..."

"फेका म्हणते ना! त्या दिवशी फेकले तसे फेका. भिंतीवर मारा. फुटले तर मीच घर सोडून जाते, तुमाले सोडायची गरज नाई."

त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांनी सगळ्यात मोठी गोटी उचलली आणि भिंतीवर मारली. भिंतीचा गिलावा पडला. गोटी घरंगळत परत त्यांच्याकडे आली. त्यांनी ती पुन्हा मारली, यावेळी फरशीवर. फरशी तडकली. तिसऱ्यांदा मारताना त्यांच्या तोंडून जी शिवी गेली ती मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. ती शिवी मला होती की गोटीला, हे मी विचारलं नाही. गोटीनं लोखंडी पलंगाच्या पायाला पोचा पाडला. मारता मारता ते खालीच बसले आणि हुंदके द्यायला लागले. "तिचा डोळा, मामी," एवढंच म्हणत होते. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या गालाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

पोरगी आतून चाचपडत आली. पायाला लागलेली गोटी उचलली. आतून अंगठा फिरवला, एक एक कोपरा मोजत. कडेवरून नख फिरवलं.

"कोणी आणली?"

"म्या," मी म्हटलं.

 ती गोट्या गोळा करून मापाप्रमाणे डब्यात लावत बसली, पट्टी बांधलेला चेहरा खाली घालून. जावयानं एक तिच्या हातात दिली. चुकीच्या मापाची होती. तिनं ती बरोबर खाचेत ठेवली.

मेडिकलच्या आधी डॉक्टरची शेवटची तपासणी होती. तोवर पट्टी निघाली होती, पण त्या डोळ्यानं काय दिसतं ते पोरगी कोणाला सांगत नव्हती. विचारलं की खेकसायची. मी, नवरा आणि जावई, तिघं तिला घेऊन गेलो. डॉक्टरनं तिचा चांगला डोळा झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावली. तिनं धडाधड वाचली, अगदी खालच्या ओळीपर्यंत. जावयानं माझा हात धरला.

डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं तक्ता उलटा करून ठेवला. "हा तक्ता तू कित्येक वेळा पाहिलास," तो म्हणाला. "पाठ झालाय तुला. मेडिकलला दुसरा असेल."

पोरगी खाली बघायला लागली.  पाठच केला होता तिनं.

डॉक्टर माझ्याकडे वळला. "आई, तुम्ही तिथे जाऊन उभ्या राहा, तक्त्याच्या जागी. काही बोलू नका." मी गेले. खोली लांबलचक होती. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, जसं कोणी मला गोळी घालणार आहे. त्यानं पोरीला म्हटलं, "चांगला डोळा झाकलेलाच ठेव. आता आईकडे बघून सांग, काय काय दिसतं. पाठ केलेलं नको."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरून खाली, पदरावरून खाली, अजून खाली. डोळा बारीक केला. मला वाटलं संपलं. मी पाय सरकवायला गेले, तेवढ्यात ती म्हणाली,

"आई, तुह्या एका पायात तुही चप्पल हाय अन् दुसऱ्यात बाबाची. बाबाच्या पट्ट्याले शेफ्टी पिन लावेल हाय, अन् ते उघडी पडली. पाय हलवू नको, टोचन."